गांजाचा कायदा बदलायचा, तर मागायचे काय आणि कुणाकडे?

गांजाविषयीच्या कायद्याबद्दल वाचक विचारतात ते प्रश्न वरवर एकाच विषयाचे वाटतात. शेतात गांजा लावायची परवानगी कुठल्या कचेरीत मिळते? उत्तराखंडात चालते, तर अकोले तालुक्यात का नाही? मुलाच्या खिशात पुडी सापडली, एवढ्यावरून त्याच्या नावावर आयुष्यभराचा गुन्हा का? आणि या सगळ्यासाठी गावात सभा घेतली, तर पोलीस आमच्यावरच गुन्हा लावतील का? पहिले दोन प्रश्न टोमॅटो-कांद्याच्या भावाने गांजलेल्या शेतकऱ्याचे आहेत, तिसरा आईबापांचा आहे आणि चौथा काहीतरी करू पाहणाऱ्या कार्यकर्त्याचा. या सगळ्यांना एका मोर्चात उभे करून ‘गांजा कायदेशीर करा’ असा फलक हाती दिला, तर तो मोर्चा तहसील कचेरीच्या पुढे जाणार नाही, कारण तहसीलदारांच्या हाती यातले काहीच नाही. अकोल्यासारख्या तालुक्यात कायदा सुधारणेची चळवळ उभी राहू शकते, पण पीक आणि पैसा यांच्या आशेवर ती टिकणार नाही. सेवन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचार मिळावेत, ही मागणी पुढे ठेवून आणि दारूविरुद्ध लढलेल्या बायकांना पहिल्या बैठकीपासून सोबत घेऊन ती बांधावी लागेल. असे का, आणि त्यासाठी तुम्ही काय करायचे, ते क्रमाने पाहू.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहा

गांजाबाबतचा मुख्य कायदा केंद्राचा आहे. अंमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985, म्हणजेच बोलीत एनडीपीएस. या कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया या व्याख्येबाहेर राहतात. चरस म्हणजे झाडाचा राळेसारखा चीक. भांग पानांपासून होते, म्हणून ती केंद्राच्या कायद्यात येत नाही. पण याचा अर्थ महाराष्ट्रात ती मोकळी आहे असा घेऊ नका. इथे तिच्यावर 1949 चा दारूबंदी कायदा आणि उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागू होतो. महाशिवरात्रीच्या थंडाईचे उदाहरण देऊन पोलिसांशी वाद घालणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

शिक्षा वजनावर ठरते, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात:

- गांजा 1 किलोपर्यंत, चरस 100 ग्रॅमपर्यंत: ‘अल्प प्रमाण’. 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- त्याहून जास्त, पण व्यापारी प्रमाणाहून कमी: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड.
- ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे गांजा 20 किलो आणि चरस 1 किलो या मर्यादेचे: किमान 10 आणि कमाल 20 वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान 1 लाख रुपये दंड. इथे कलम 37 मुळे जामीन फार अवघड होतो.
- नुसते सेवन: 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- लागवड: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. लागवडीला ‘अल्प प्रमाण’ नाही.

शेवटची ओळ शेतकऱ्यांनी दोनदा वाचावी. तुरीच्या किंवा उसाच्या आड लावलेली चार झाडे आणि अर्धा एकराचा मळा यांना कलम एकच आहे. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे ठाऊक असून कळवले नाही, तर जमीनधारकही कलम 46 खाली दोषी ठरतो. कलम 47 नुसार सरपंच, पंच आणि गावकामगार यांच्यावरही माहिती कळवण्याचे बंधन आहे. म्हणून सरपंच तुमच्या सभेला यायला कचरले, तर त्यांना भित्रे ठरवू नका. त्यांना हे कलम ठाऊक असेल, तर त्यांची भीती रास्त आहे. लागवडीविषयी कायदा बदलण्याची चर्चा करणे आणि लागवड लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना लेखी पत्राने समजावून सांगा.

कोणती मागणी कुणाच्या हाती आहे

सेवन आणि अल्प प्रमाण यांची शिक्षा काढून टाकायची, तर संसदेने कायद्यात दुरुस्ती केली पाहिजे. तागासारखा धागा आणि बी यांसाठी, म्हणजे औद्योगिक हेंपसाठी लागवड खुली करायची, तर कलम 10 आणि 14 खाली अधिकार आधीच दिलेले आहेत. तिथे राज्य सरकारने नियम करायचे आहेत. औषधासाठी नियंत्रित लागवड ही राज्याचा परवाना, केंद्राची औषधविषयक परवानगी आणि संशोधनसंस्था अशा तिघांच्या संमतीची बाब आहे. जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेत असे संशोधन चालते. मौजेसाठी सर्रास खुले करणे ही चौथी मागणी. तिच्यासाठी संसद, आंतरराष्ट्रीय करार आणि राज्यघटनेचे कलम 47 या तिन्हींशी झुंजावे लागेल. गावपातळीवरच्या चळवळीने तिला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मागणीबद्दल कुणाचे काहीही मत असो, अकोल्यातून ती पुढे नेता येणार नाही आणि तिच्या ओझ्याखाली उरलेल्या तिन्ही दबून जातील.

मग सुरुवात पहिल्या मागणीपासूनच का? कारण तिच्यामागे भक्कम पुरावा आहे आणि तिच्यामागे उभी राहू शकतील अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये आले. त्यात 10 ते 75 वयोगटातील सुमारे 3 कोटी 10 लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले. त्यातही भांग सोडून गांजा-चरस घेणारे सुमारे 1 कोटी 30 लाख. गांजाच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख. कायदा काटेकोर राबवायचा म्हटला, तर सव्वा कोटीहून जास्त माणसांवर गुन्हे नोंदवावे लागतील. प्रत्यक्षात कुणावर नोंदवले जातात? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील 2017 आणि 2018 मधील दहा हजारांहून अधिक खटले तपासले. त्यातले जवळपास सगळे केवळ सेवनाचे होते आणि 87 टक्के गांजा-चरसाशी निगडित होते. मोठ्या व्यापाऱ्यांसाठी केलेल्या कायद्याच्या जाळ्यात रोजंदारीवरचा माणूस अडकतो, हे त्या खटल्यांतून दिसते. सामाजिक न्याय मंत्रालयानेही ऑक्टोबर 2021 मध्ये वैयक्तिक वापराच्या अल्प प्रमाणाला गुन्हा न मानता उपचाराकडे वळवावे, अशी शिफारस महसूल विभागाला केली होती. म्हणजे ही मागणी सरकारच्याच एका खात्याने आधी मांडून ठेवलेली आहे. निवेदनात हा मुद्दा सर्वांत वर लिहा.

दुसरे असे की, या मागणीचा काही भाग कायदा न बदलताही पदरात पडू शकतो. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचार घ्यायला तयार असेल, तर कलम 64अ नुसार त्याच्यावरील खटल्यातून त्याला मुक्तता मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत काढून घेतली जाते. कलम 39 खाली न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनीलाही उपचारासाठी सोडू शकते. पण ही कलमे वापरायची, तर रुग्णालय जवळ हवे. राजूर, कोतूळ, समशेरपूर या भागातल्या माणसाला व्यसनमुक्ती उपचार मिळतील अशी सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी, ही मागणी आमदार, जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे आजच करता येते. तिला कुणी विरोध करणार नाही. चळवळीला पहिले यश लवकर मिळाले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहतात.

शेतकऱ्याच्या आशेचे काय?

ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागणारा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजाला आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. ठराविक तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजून लागवड करू, असेही त्याने लिहिले. अर्ज पोलिसांकडे गेला आणि त्याची प्रसिद्धीसाठीचा खटाटोप म्हणून संभावना झाली. त्या अर्जातले दुःख खरे होते, पण रस्ता चुकला. जिल्हाधिकाऱ्यांना असा परवाना देण्याचा अधिकारच नव्हता, आणि ‘उत्तर नाही म्हणजे होकार’ हे तत्त्व फौजदारी कायद्यात चालत नाही. तुम्ही असा अर्ज लिहिणार असाल, तर आधी थांबा. शेतमालाच्या हमीभावाची लढाई गांजाच्या नावाने लढू नका. ती लढाई याच तालुक्यात उघडपणे लढली गेली आहे. एप्रिल 2023 मध्ये किसान सभेचा पायी मोर्चा अकोल्याहून लोणीच्या दिशेने निघाला, तो जमीन, दूध आणि शेतमालाच्या प्रश्नांवर. त्या मागण्यांवर गांजाचा शिक्का बसला, तर शेतकरी चळवळीचेच नुकसान होईल.

औद्योगिक हेंपची मागणी मात्र वेगळ्या चौकटीत करता येते, फक्त आशा आटोक्यात ठेवावी लागते. उत्तराखंडाने 2018 मध्ये हेंपची लागवड परवान्याने सुरू केली. तिथे मर्यादा अशी की झाडातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण 0.3 टक्क्यांवर जाता कामा नये. हिमाचल प्रदेशाने 2023 मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीने फिरून माहिती घेतली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये विधानसभेने औषधी, वैज्ञानिक व औद्योगिक वापरासाठी नियंत्रित लागवडीचा ठराव मंजूर केला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये हेंपचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना टीएचसीच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत अन्न म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात मात्र शेतकऱ्याला असा लागवड परवाना देणारी योजना आज नाही. तेव्हा इथली रास्त मागणी एवढीच, की हिमाचलसारखी अभ्याससमिती नेमा आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत आधी चाचणी घ्या. ‘आम्हाला परवाना द्या’ ही मागणी त्यानंतरची.

चाचणी आधी का, याचे उत्तर बियाण्यात आहे. टीएचसी कमी असलेले वाण वेगळ्या हवामानात, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत किंवा शेजारच्या झाडाचे पराग बसल्यावर मर्यादा ओलांडू शकते, आणि ओलांडली की उभे पीक नष्ट करावे लागते. नुकसान शेतकऱ्याचे. म्हणजे घरचे बी राखून पुन्हा पेरण्याची मुभा या पिकात जवळजवळ नाही. दरवर्षी प्रमाणित बियाणे विकत घ्यायचे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ज्या तालुक्यात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, तिथल्या शेतकऱ्याने हा सौदा डोळे उघडे ठेवूनच करावा. शिवाय धाग्याला प्रक्रिया केंद्र लागते, बियांना खरेदीदार लागतो, आणि दोन्ही जवळपास नसतील, तर हेंप हे भाताच्या खाचराला किंवा वरई-नागलीला पर्याय ठरत नाही. ‘हेंपची करारशेती, परवाना आम्ही काढून देतो, आगाऊ रक्कम भरा’ असे सांगत कुणी आले, तर राज्य शासनाच्या कोणत्या नियमाखाली परवाना मिळणार, हे लेखी मागा. लेखी देणार नाहीत. एक रुपयाही देऊ नका.

दारूबंदीच्या बायका आणि ग्रामसभा

या तालुक्यात नशेच्या प्रश्नावर सर्वांत जास्त काम दारूविरोधी चळवळीने केले आहे. हेरंब कुलकर्णी यांच्यासारखे कार्यकर्ते आणि गावोगावच्या बायका अवैध दारूविरुद्ध वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. राज्यात ‘आडवी बाटली’च्या मतदानाने दुकान बंद करता येते, हा हक्क बायकांच्याच रेट्यातून मिळाला. 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते. गांजाचा कायदा सैल करा असे म्हणत तुम्ही या बायकांसमोर गेलात, तर त्या तुम्हाला हाकलून देतील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. नवऱ्याच्या व्यसनाने संसार कसा मोडतो, हे त्यांना कुणा संस्थेच्या अहवालातून शिकायचे नाही.

पण त्यांच्या अनुभवाकडे नीट पाहिले, तर तो तुमच्या पहिल्या मागणीच्या बाजूने साक्ष देतो. दारूविरुद्ध त्यांनी मागितले ते विक्रेत्यावर कारवाई आणि गुत्ता बंद. पिणाऱ्याला वर्षभर तुरुंगात घाला, असे त्यांनी मागितले नाही, कारण कमावता माणूस आत गेला की न्यायालयाच्या चकरा आणि वकिलाची फी त्यांच्याच माथी येते. गांजाच्या बाबतीतही हेच सूत्र धरता येते. विकणाऱ्यावर, विशेषतः शाळा-आश्रमशाळांभोवती विकणाऱ्यावर, कडक कारवाई. सेवन करणाऱ्याला उपचार. आणि घरच्यांना कायद्याची मोफत मदत. ही त्रिसूत्री मांडली, तर दारूबंदीची कार्यकर्ती तुमच्या व्यासपीठावर येऊ शकते. ती आली नाही, तर सभा पुढे ढकला, पण तिच्याशिवाय घेऊ नका.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतो, म्हणजे तिथे 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम लागू आहेत. पाड्याला, वस्तीला स्वतःची ग्रामसभा असू शकते. मादक पदार्थांच्या विक्री-सेवनावर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पेसा ग्रामसभेला दिलेला आहे. इथे एक धोकादायक समज पसरतो, की ‘ग्रामसभेने ठराव केला की लागवड कायदेशीर’. ते खरे नाही. ग्रामसभा निर्बंध घालू शकते, पण केंद्राच्या कायद्यातून सूट देऊ शकत नाही. वनहक्काचा दावा किंवा पट्टा असलेल्या कुटुंबाने अशा ठरावावर विसंबून झाडे लावली, तर फौजदारी गुन्हा तर होईलच, वर अनेक वर्षे लढून मिळवलेल्या जमिनीवरही बालंट येईल. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याचाही ससेमिरा लागेल.

ठराव मांडायचा तो असा:

1. महिला सभा नियमित ग्रामसभेच्या आधी होते. विषय तिथे पहिल्यांदा मांडा. तिथे नापसंत झाला, तर ग्रामसभेत रेटू नका.
2. विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून ग्रामसेवकाला आधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास सभा होतात.
3. गणपूर्तीकडे लक्ष द्या. सर्वसाधारण ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातले जे कमी असेल ते लागते. सह्या घरी फिरवून गोळा केलेला ठराव पुढे टिकत नाही.
4. ठरावात नेमके सांगा: सेवन व अल्प प्रमाणासाठी उपचाराची तरतूद मुख्य व्हावी, तालुक्यात उपचार केंद्र व्हावे, विक्रेत्यांवर कारवाई व्हावी. ‘कायदा रद्द करा’ असे एक मोघम वाक्य लिहू नका.
5. ठरावाची प्रमाणित प्रत मागून घ्या. तीच तुमच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा आधार आहे.

सभा घ्याल तेव्हा

कायदा बदला असे म्हणणे हा गुन्हा नाही. मार्च 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला. एखादी गोष्ट लोकांना कितीही अप्रिय असली, तरी तिची चर्चा आणि पुरस्कार करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे. चिथावणीला मात्र ते संरक्षण नाही. म्हणून ‘हा कायदा बदलला पाहिजे’ हे वाक्य सुरक्षित आहे. ‘चला, सगळे मिळून ओढू’ किंवा ‘सगळ्यांनी एकेक झाड लावू’ ही वाक्ये सुरक्षित नाहीत. साहाय्य आणि कट यांसाठी कलम 29 आहे, आणि त्याखाली मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होते. परदेशात जाहीर धूम्रपानाचे मेळावे होतात, त्यांची नक्कल इथे करू नका. तिथे दंड होतो, इथे तरुण पोरांच्या नावावर गुन्हा चढतो आणि पोलीस भरतीचा अर्ज कायमचा बाजूला पडतो.

सभेआधी पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या. जिल्ह्यात अनेकदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश लागू असतात, त्या तारखा आधी पाहा. सभेत झाड, पान, बी, चिलीम, गांजाचे चित्र छापलेले सदरे यांतले काहीही आणू देऊ नका. प्रात्यक्षिकासाठी म्हणून आणलेली बीसुद्धा नको. ‘बी व्याख्येबाहेर आहे’ हा युक्तिवाद न्यायालयात करायचा असतो, पोलीस ठाण्यात नाही. कार्यकर्त्यांपैकी कुणाला स्वतःला व्यसन असेल, तर त्याला टाकून देऊ नका, पण निधी, सह्या आणि पोलिसांशी बोलणे ही कामे त्याच्याकडे देऊ नका.

कुणाला ताब्यात घेतलेच, तर हे हक्क तोंडपाठ असावेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी, असे मागता येते. कलम 50 खाली पोलिसांनी हा हक्क आधी सांगायचा असतो. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. अटकेची कारणे सांगणे बंधनकारक आहे आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. पंचनाम्यात वजन कशाचे लिहिले, ते वकिलाकडून तपासून घ्या. मुळे, खोड, पाने यांसकट वजन केले, तर किलोचा आकडा फुगतो आणि त्यावर शिक्षेची पायरी बदलते. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात याच मुद्द्याला महत्त्व दिले होते. अनुसूचित जमातीतील व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील कुणीही उत्पन्न न पाहता मोफत वकिलाला पात्र आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक 14446 आहे. हे दोन क्रमांक सभेच्या प्रत्येक पत्रकावर छापा.

आक्षेप येतील ते

‘पोरे बिघडतील’ हा आक्षेप सर्वांत आधी येईल, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. कोवळ्या वयात आणि वारंवार गांजा घेतल्याने शिक्षणावर आणि मनावर परिणाम होतो, काहींना गंभीर मानसिक आजार होण्याचा धोका वाढतो. हे नाकारणाऱ्या चळवळीवर गावातला डॉक्टर आणि शिक्षक दोघेही विश्वास ठेवणार नाहीत. तुमचे उत्तर असे असावे, की बिघडलेल्या पोराला तुरुंगात घालून तो सुधारत नाही, आणि पकडले जाण्याच्या भीतीने घरचे लोक त्याला दवाखान्यातही नेत नाहीत. ‘गांजा तर औषध आहे, शंकराचा प्रसाद आहे’ हे उत्तर देऊ नका. 1893-94 च्या ब्रिटिश आयोगाने मध्यम सेवन फारसे घातक नसल्याचे आणि बंदीपेक्षा नियंत्रण बरे असल्याचे म्हटले होते, त्यात नगर जिल्ह्यातल्या लागवडीचीही नोंद आहे. हा इतिहास व्याख्यानाला ठीक. ज्या आईचा मुलगा बरबाद झाला, तिच्यासमोर सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल वाचू नये.

राज्यघटनेचे कलम 47 आरोग्याला घातक मादक पदार्थांच्या बंदीसाठी प्रयत्न करायला सांगते, हा दुसरा आक्षेप. ते मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्याच कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्रमुख कर्तव्य म्हटले आहे. उपचाराची मागणी त्या चौकटीत नीट बसते. आंतरराष्ट्रीय करारांचे कारण पुढे आले, तर दोन गोष्टी सांगा. 1961 च्या करारातच औद्योगिक लागवडीला सूट आहे. आणि 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढले, तेव्हा 27 विरुद्ध 25 अशा त्या मतदानात भारताने बाजूने मत दिले होते.

तिसरा आक्षेप मात्र मला स्वतःला खरा वाटतो: एकदा दार किलकिले झाले की कंपन्या आत घुसतील. थायलंडने जून 2022 मध्ये नियमावली तयार नसताना गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकाने उघडली आणि 2025 मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणावी लागली. म्हणूनच नियम आधी आणि मोकळीक नंतर, हा क्रम तुमच्या निवेदनात स्पष्ट असला पाहिजे. चळवळीचा निधीही याच कसोटीवर तपासा. हेंपच्या धंद्यातल्या कंपनीकडून पैसे घेतले, की तुमची मागणी त्यांची जाहिरात ठरते. परदेशातून तर परकीय निधी कायद्याखालील नोंदणीशिवाय एक पैसाही घेता येत नाही. तालुक्यातच जमतील तेवढ्या वर्गणीवर काम करा, पावत्या द्या, हिशोब सभेत वाचा.

पाठपुरावा कसा करायचा

या कायद्यात लोकांच्या रेट्याने बदल झालेला आहे. 1985 नंतर कडक नियमांच्या भीतीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणे सोडले आणि कर्करोगाचे रुग्ण वेदनेत तळमळत राहिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या वेदनाशामक उपचारातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे एकच मागणी लावून धरली: रुग्णापर्यंत औषध पोचण्यातले परवान्यांचे अडथळे दूर करा. फेब्रुवारी 2014 मध्ये संसदेने तशी दुरुस्ती केली. अफूबद्दलचे इतर सगळे वाद त्यांनी बाजूला ठेवले होते, म्हणून खासदारांना बाजूने मत देणे सोपे गेले.

तुमचे काम माहितीच्या अर्जापासून सुरू करा. अकोले आणि राजूर पोलीस ठाण्यांत गेल्या पाच वर्षांत या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले गेले, त्यातले सेवनाचे किती, अल्प प्रमाणाचे किती, लागवडीचे किती, एवढेच विचारा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. नावे मागू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करा. हाती येणारे आकडे तुमच्या अंदाजाहून वेगळे निघाले, तर निवेदन बदला, आकडे झाकू नका.

नंतर ग्रामसभेचे ठराव आणि हे आकडे जोडून निवेदन तिघांकडे द्या. अकोल्याच्या आमदारांकडे राज्याच्या हाती असलेली उपचार केंद्राची आणि अभ्याससमितीची मागणी. शिर्डीच्या खासदारांकडे कायदा दुरुस्तीची मागणी, कारण तालुका त्या मतदारसंघात येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाकडे त्यांच्याच 2021 च्या शिफारशीची आठवण. विधानसभेची विनंती अर्ज समिती आहे, आणि लोकसभेत खासदारामार्फत नागरिकांची याचिका मांडता येते. या दोन्ही वाटा लोक फार कमी वापरतात. दुरुस्तीचा मसुदा कधी जाहीर झाला, तर केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार लोकांच्या सूचनांसाठी किमान 30 दिवस ठेवणे अपेक्षित आहे. त्या वेळी धावपळ नको म्हणून आपल्या सूचना आधीच मराठीत आणि हिंदीत लिहून, वकिलाकडून तपासून ठेवा. संस्था म्हणून नोंदणीची घाई करू नका. निधी जमू लागला आणि बँक खाते लागले, की धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी करा. तोवर पाच जणांची समिती पुरते, आणि त्यात निदान तीन बायका असाव्यात.